असलेली फाइल शाबूत ठेवायची आहे, ‘सीपी’चा कोणता पर्याय घ्यावा?

ग्नू कोअरयुटिल्स हा लिनक्सवरच्या मूलभूत आज्ञांचा संच आणि ‘सीपी’ (cp) ही त्यातली फाइल कॉपी करणारी आज्ञा. ‘असलेल्या फाइलवर लिहू नको’ हे तिला सांगायचे आज तीन मार्ग आहेत: जुना -एन (-n), --अपडेट=नन (--update=none) आणि --अपडेट=नन-फेल (--update=none-fail). तिन्हींत जुनी फाइल शाबूत राहते. भांडण आहे ते फाइल वगळल्यावर एक्झिट कोड, म्हणजे आज्ञा संपताना देते तो यश-अपयशाचा आकडा, काय द्यायचा यावरून.

-एन २००९ सालच्या ७.१ आवृत्तीत आला. फाइल वगळली तरी मुकाट्याने शून्य, म्हणजे काम फत्ते. मार्च २०२३ मध्ये ९.२ने पवित्रा बदलला: वगळली की अपयश. तर्क म्हणून हे पटण्यासारखं होतं. सांगितलेली कॉपी झालीच नाही, तर यश कसलं? फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा सीपीही तेव्हा तसाच वागायचा. पण चौदा वर्षं जुन्या वागण्यावर विसंबलेल्या स्क्रिप्टांचं, म्हणजे ओळीने आज्ञा लिहिलेल्या फाइलींचं काय? वर ‘सेट -ई’ (set -e: आज्ञा अपयशी ठरली की थांब) लिहिलेलं असेल, तर पहिल्याच वगळलेल्या फाइलपाशी गाडं अडतं. डेबियन या लिनक्सच्या एका वितरणाने पॅच (स्वतःची दुरुस्ती) लावून जुनी वागणूक राखली आणि वर ‘-एनचा भरवसा धरू नका, --अपडेट=नन वापरा’ असा इशाराही छापायला लावला. २०२४ मध्ये ९.५ने मूळ प्रकल्पातही माघार घेतली. माझ्या मते एवढ्या कोलांट्यांनंतर -एन हाताने टाइप करण्यापुरताच ठेवावा.

--अपडेट=नन एप्रिल २०२३च्या ९.३मध्ये आला. वगळतो आणि शून्य देतो. ‘कॉन्फिग (सेटिंग्जची) फाइल नसेल तरच ठेव’ अशा, पुन्हा पुन्हा चालणाऱ्या स्क्रिप्टसाठी डोळे झाकून हाच घ्या.

कॅमेऱ्याच्या कार्डावरून फोटो उतरवून लगेच कार्ड पुसणारी स्क्रिप्ट असेल, तर मात्र हाच पर्याय घातक. क्रमांक पुन्हा एकपासून सुरू झाले की त्याच नावाचा फोटो वेगळाच असू शकतो. तो वगळला जाईल, कोड शून्य येईल आणि कार्ड पुसलं जाईल. तिथे ९.५मधला नन-फेलच हवा. तो वगळलेल्या फाइलचं नाव छापतो आणि अपयशही कळवतो.

अडचण आवृत्त्यांची आहे. उबुंटू या दुसऱ्या लिनक्स-वितरणाची २२.०४ (कोअरयुटिल्स ८.३२) आणि डेबियन १२ (९.१) यांत दोन्ही नवे पर्याय नाहीत, उबुंटू २४.०४ (९.४) मध्ये नन आहे, नन-फेल नाही. मॅकवरच्या सीपीला तर --अपडेट ठाऊकच नाही. अशा यंत्रांवर अपयश हवंच असेल, तर आधी ‘टेस्ट -ई’ने (test -e) फाइल आहे का ते तपासा. तपासणी आणि कॉपी यांच्या मधल्या फटीत दुसऱ्या प्रोग्रामने तीच फाइल तयार केली तर ती गेली, म्हणून कॉपी करताना -एनही राहू द्या.