बाळ झोपणार कुठे? बेडला जोडायची कॉट, मोठी कॉट, पाळणा, आपलाच बेड की वेगळी खोली

बाळ यायच्या आधी घरात नावावर चर्चा होते, कपड्यांवर होते, भिंतीच्या रंगावर तर तासन्‌तास होते, आणि नवीन जन्मलेलं बाळ दिवसातले १४ ते १७ तास झोपून काढणार ती जागा मात्र बऱ्याच घरांमध्ये शेवटच्या महिन्यात जे दिसेल ते ऑर्डर करून ठरते. हा निर्णय सातव्या-आठव्या महिन्यात शांतपणे घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण बाळ आल्यावर रात्री तीन वाजता, डोळे उघडत नसताना, कोणीच नीट विचार करू शकत नाही. तेव्हा जे सगळ्यात सोपं असेल तेच आपण करतो. म्हणून मी पर्याय बघताना एकच प्रश्न विचारते: सगळ्यात दमलेल्या वेळी मी बाळाला कुठे ठेवेन, आणि ती जागा सुरक्षित आहे का?

माझं मत आधीच सांगते म्हणजे पुढचं वाचताना गोंधळ नको. पहिले ६ महिने तरी बाळ आईबाबांच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या, सपाट, कडक गादीवर. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची २०२२ ची शिफारस हीच आहे, आणि ब्रिटनमध्येही पहिले ६ महिने एकाच खोलीत असंच सांगतात. बाळ झोपेत अचानक दगावतं, ज्याला सिड्स म्हणतात, त्याचा धोका साधारण २ ते ४ महिन्यांच्या वयात सगळ्यात जास्त असतो आणि असे बहुतेक मृत्यू ६ महिन्यांच्या आतले असतात, म्हणून हा ६ महिन्यांचा आकडा. घाबरवायला नाही सांगत, पण कॉटचा रंग निवडण्याआधी हे माहीत असायला हवं.

आता एकेक पर्याय.

बेडला जोडायची कॉट म्हणजे जिची एक बाजू खाली होते आणि जी पट्ट्यांनी आपल्या बेडला घट्ट बांधता येते. नवजात बाळ २४ तासांत ८ ते १२ वेळा दूध पितं, त्यातल्या ३-४ वेळा तरी रात्रीच्या, आणि प्रत्येक वेळी उठून, चालत जाऊन, वाकून बाळ उचलणं आणि नुसतं कुशीवर वळून हात पुढे करणं यात केवढा फरक आहे ते सिझेरियन झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. टाके ओले असताना बेडवरून उठणं हेच एक मोठं काम असतं, पोटावर जोर येतो, आधी कुशीवर वळा मग हात टेकून उठा असं सगळं करावं लागतं, आणि तेवढ्यात बाळ रडून लाल झालेलं असतं. सिझेरियन ठरलेलं असेल किंवा व्हायची शक्यता असेल तर मी दुसरा विचारच करणार नाही, हीच घेईन. पण घेण्याआधी आपल्या बेडची उंची टेपने मोजा, कारण कॉटची गादी आणि आपली गादी एका पातळीत बसली नाही किंवा मध्ये फट राहिली तर त्या फटीत बाळाचं तोंड अडकू शकतं आणि मग या कॉटचा सगळा उपयोगच उलटा होतो. खाली ड्रॉवर असलेल्या बेडला काही कॉटचे पाय आत सरकत नाहीत, तेही बघा. आणि जोडलेली असताना आपली उशी-पांघरूण सरकून तिकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी लागते, ही सवय पहिल्या दिवसापासून लावायची.

तिची कमजोरी एकच, ती फार दिवस पुरत नाही. बाळ वळायला लागलं किंवा हात टेकून छाती उचलायला लागलं की तिचं काम संपलं, म्हणजे साधारण ४ ते ६ महिने. काही मॉडेलवर वजनाची मर्यादा लिहिलेली असते, पण वजनाआधी बहुतेक वेळा हे वळणंच येतं.

मोठी कॉट याच्या बरोबर उलट. जागा जास्त खाते, पण २-३ वर्षं चालते, गादीची उंची खाली-वर करता येते, बाळ बसायला लागलं की खाली घ्यायची, उभं राहायला लागलं की अजून खाली. खोली मोठी असेल आणि ही कॉट तुमच्या बेडच्या अगदी शेजारी राहत असेल तर पहिल्या दिवसापासून हीच वापरा, मध्ये वेगळं काही घ्यायची गरजच नाही. पैशाचा विचार केला तर एकच वस्तू घ्यायची असेल तेव्हा ही घ्यावी, बेडला जोडायची कॉट कोणाकडून वापरलेली मिळाली तर उत्तम. त्रास इतकाच की रात्री उठावंच लागतं, आणि कमी उंचीच्या माणसाला खाली घेतलेल्या गादीवर झोपलेलं बाळ हळूच ठेवायला खरंच जड जातं, पाठ दुखते आणि शेवटच्या चार इंचांत बाळ जागं होतं.

वापरलेली कॉट घेताना दोन दांड्यांमधलं अंतर ६ सेंटीमीटरच्या आसपासच हवं, त्याहून जास्त नको. गादी आणि कडेच्या चौकटीत दोन बोटंही शिरता कामा नयेत. एक बाजू वरखाली सरकणाऱ्या जुन्या मोठ्या कॉट अमेरिकेत २०११ पासून विकायला बंदी आहे, कारण ती बाजू निसटून त्यात बाळं अडकून दगावली होती, त्यामुळे नात्यातल्या कोणी प्रेमाने तशी कॉट देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा. स्क्रू कमी असतील आणि बदली मिळत नसतील तरीही नको. कडेने लावायच्या मऊ गाद्यांचंही तसंच, फोटोत फार गोड दिसतात पण २०२२ च्या कायद्याने तिथे त्यांच्यावरही बंदी आलीये, आणि १० अंशांपेक्षा जास्त तिरक्या झोपायच्या साधनांवरही. तिरक्या जागेत बाळाची मान पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते, कारण काय ते इतकं साधं आहे. याच कारणासाठी कारसीट किंवा बाउन्सर (बाळाची तिरकी, डुलणारी खुर्ची) हे रात्रभर झोपायचे पर्याय नाहीत, गाडीत झोपलं तर घरी पोचल्यावर काढून सपाट जागेवर ठेवायचं, उठेल म्हणून तसंच ठेवायचं नाही. कापडाच्या झोळीलाही हेच लागू, बाळ त्यात गोल होतं. शेजारी जागे बसून थोडा वेळ डुलवणं वेगळं आणि रात्री आपण झोपलेले असताना बाळ तिच्यात असणं वेगळं.

पाळण्याबद्दल फार लिहित नाही. सपाट तळ, कडक गादी आणि हलणं बंद करायचा लॉक असेल तर सुरुवातीचे महिने चालतो, बाळ शांत लवकर होतं हे खरंय, पण झोप लागली की लॉक लावायचा. एकच की डुलवल्याशिवाय झोपच लागत नाही अशी सवय लागली तर रात्री कोणालातरी ते डुलवत बसावं लागतं. ते कोण करणार हे आधी ठरवा.

आता सगळ्यात अवघड पर्याय, आपलाच बेड. याबद्दल तज्ज्ञांमध्येच एकमत नाहीये आणि ते लपवण्यात अर्थ नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स एका बेडवर झोपायची शिफारस करत नाही. दुसरीकडे स्तनपानावर काम करणाऱ्या डॉक्टरांच्या संघटनेने, अ‍ॅकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनने, २०२० मध्ये सांगितलं की धोक्याच्या गोष्टी नसतील तर अंगावर पिणाऱ्या बाळाला आईने शेजारी घ्यायला सरसकट मनाई करण्यापेक्षा ते सुरक्षित कसं करायचं हे सांगावं. दोघांचं एका गोष्टीवर मात्र जमतं, काही परिस्थितीत अजिबात नाही: आईबाबांपैकी कोणीही सिगरेट ओढत असेल, दारू घेतली असेल, झोप आणणारं औषध चालू असेल, बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल किंवा जन्माचं वजन अडीच किलोपेक्षा कमी असेल. आणि सोफा किंवा आरामखुर्ची, हे तर कधीच नाही. सोफ्यावर बाळाला घेऊन डोळा लागणं हे बेडवर डोळा लागण्यापेक्षा कितीतरी जास्त धोक्याचं आहे, बाळ आपल्या आणि सोफ्याच्या पाठीच्या मध्ये दाबलं जातं.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायचीये. "आम्ही बाळाला बेडवर झोपवणारच नाही" असं ठरवणारे आईबाबा नेमके त्यामुळेच रात्री दूध पाजायला उठून सोफ्यावर जाऊन बसतात, बेडवर झोप लागेल म्हणून, आणि मग सोफ्यावर झोप लागते. म्हणून तुमचा प्लॅन कॉटचा असला तरी बेडसुद्धा तयार ठेवा. बाळ ज्या बाजूला येईल तिथून जास्तीच्या उश्या काढा, जाड पांघरूण कमरेपर्यंतच, बेड आणि भिंतीत फट नको, मऊ गादीचा थर असेल तर काढून टाका. डोळा लागलाच तर निदान कमी धोक्याच्या जागी लागेल, आणि जाग आली की लगेच बाळ परत कॉटमध्ये. मोठं भावंडं असेल तर ते आणि बाळ एका बेडवर शेजारी नाही, मधे आई असली तरी लहान मूल झोपेत कुठेही सरकतं. मांजर-कुत्र्यालाही रात्री खोलीबाहेर.

वेगळी खोली. याच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. २०१७ मध्ये पेडियाट्रिक्स या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात दिसलं की ९ महिन्यांच्या वयाला स्वतःच्या खोलीत झोपणारी बाळं आईबाबांच्या खोलीतल्या बाळांपेक्षा जास्त वेळ झोपत होती, आणि एका खोलीतली बाळं रात्रीतून आईबाबांच्या बेडवर यायचं प्रमाणही जास्त होतं. हे पटण्यासारखं आहे, बाळ नुसतं कुरकुरलं तरी आपण उचलतो. पण मला यातून ६ महिन्यांनंतर कधी हलवायचं याचं उत्तर मिळतं, पहिल्या दिवशी हलवायचं असं नाही. सुरुवातीला बाळ वेगळ्या खोलीत म्हणजे प्रत्येक पाजण्याला एक फेरी, दिवा, दार, आणि परत आल्यावर आपली उडालेली झोप. मॉनिटर आहे की, असं म्हणाल तर आवाज-कॅमेऱ्याचा मॉनिटर सोयीसाठी ठीक आहे, पण श्वास आणि ठोके मोजणारी घरगुती यंत्रं सिड्सचा धोका कमी होईल या भरवशावर घेऊ नयेत असं बालरोगतज्ज्ञांची संघटनाच सांगते. त्या पैशात चांगली गादी घ्या.

जोडीदारापैकी एकाला सकाळी लवकर कामावर जायचं असेल तर बाळाला हलवण्यापेक्षा तो मोठा माणूस काही रात्री दुसऱ्या खोलीत झोपला तर जास्त बरं. फक्त ते बोलून ठरवा, नाहीतर "मी एकटीच जागते" हे मनात साठत जातं आणि भलत्याच वेळी बाहेर येतं. काही घरांत रात्री अर्धी-अर्धी वाटून घेतात, काहींत बाबा डायपर बदलून बाळ हातात देतात आणि आई पाजते, कॉट कोणाच्या बाजूला लावायची हे त्यावरच ठरतं. जागा नक्की करताना खिडकीपासून लांब, पडद्याची दोरी आणि चार्जरची वायर हाताला लागणार नाही अशी, आणि डोक्यावर लटकणारी फ्रेम वगैरे काही नको. जुळी असतील तर दोन वेगळ्या जागा, एकात दोघं नाही.

पर्याय कुठलाही घ्या, आत काय असतं ते सारखंच: कडक गादी, घट्ट बसणारी चादर आणि बाळ. उशी नाही, रजई नाही, खेळणं नाही. प्रत्येक झोपेला पाठीवर, दुपारच्या डुलकीलासुद्धा. गुंडाळत असाल तर वळायची पहिली चिन्हं दिसली की बंद. घरात टोपी नाही, आणि गरम होतंय का हे हातपाय बघून नाही तर छातीला किंवा मानेमागे हात लावून बघा, हातपाय तसेही गार असतात.

आणि मदतीला येणाऱ्या आजी-आजोबांशी हे आधीच बोला. त्यांच्या काळात कित्येक डॉक्टर स्वतःच पोटावर किंवा कुशीवर झोपवा म्हणायचे, उलटी घशात जाऊ नये म्हणून, त्यामुळे ते चुकीचं वागत होते असं अजिबात नाही. पाठीवर झोपवायच्या मोठ्या मोहिमा ब्रिटनमध्ये १९९१ ला आणि अमेरिकेत १९९४ ला सुरू झाल्या आणि त्यानंतरच्या वर्षांत तिथले सिड्सचे मृत्यू साधारण निम्म्यावर आले. "आई, तुम्ही आम्हाला नीट वाढवलंत, आता डॉक्टर असं सांगतात, आपण सगळेच असं करूया" एवढं प्रेमाने म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. त्याहून चांगलं म्हणजे शेवटच्या एखाद्या तपासणीला त्यांनाही घेऊन जा आणि डॉक्टरांनाच विचारायला सांगा, आणि घरी आल्यावर रिकामी कॉट दाखवून लॉक कसा लागतो, खालची बाजू कशी वर होते, हे त्यांच्या हातानेच एकदा करून घ्या, कारण दुपारी तुम्ही झोपलेल्या असताना बाळाला त्यात तेच ठेवणार आहेत.