रंगवायच्या प्राण्यांसाठी सिमेंट की फायबर?

सर्वांनी मिळून रंगवलेले प्राणी बागेत उभारायचे ठरले की चर्चा चित्रांवरच रंगते, आणि पुतळा कशाचा घ्यायचा हा प्रश्न शेवटी घाईघाईत निकालात निघतो. आमच्या गटाने पहिल्या वर्षी सिमेंटचे दोन हत्ती आणि दुसऱ्या वर्षी फायबरच्या चार गाई उभारल्या. माझे मत या सहा पुतळ्यांपुरतेच आहे, हे आधीच मान्य करतो.

सिमेंटच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. सळई आणि जाळीच्या सांगाड्यावर थापलेला हत्ती जागचा हलत नाही, मुले पाठीवर चढली तरी काळजी वाटत नाही, आणि हाताने घडल्यामुळे एकाची सोंड दुसऱ्यासारखी होत नाही. फायबरची गाय पोकळ असते, थाप मारली की डब्यासारखी वाजते, तिला चौथऱ्याला बोल्टने जखडावे लागते आणि तिचे कान व शिंगे नेहमीच नाजूक राहतात.

तरीही माझा कल बदलला तो क्षारांमुळे. सिमेंट वरून सुकलेले दिसले तरी आत ओल राहते, जमिनीतली ओलही पायांतून वर चढते, आणि बाहेर पडताना ती विरघळलेले क्षार पृष्ठभागावर आणून सोडते. आम्ही 28 दिवस थांबलो, तेलरंग टाळून ॲक्रिलिक वापरले, प्राइमरही लावला. पण पहिल्या पावसाळ्यानंतर हत्तींच्या गुडघ्यांवर पांढरी भुकटी आली आणि रंगाचे पोपडे निघू लागले. खरवडून पुन्हा रंगवणे अवघड नाही, पण ते करायचे कोणी? चित्र काढणारी मुले तोवर मोठी झालेली, काही दुसरीकडे राहायला गेलेली. मग ज्याला वेळ असेल तो डबा उघडतो आणि मासोळ्यांच्या जागी सपाट निळा पट्टा येतो. तिसऱ्या वर्षी एका हत्तीचे चारही पाय निळे होते, आणि त्या रंगाखाली मुलांच्या हातांचे ठसे होते.

फायबरनेही सुरुवातीला त्रास दिलाच. साच्यातले मेण पृष्ठभागावर राहिल्याने पहिला रंग थेंबाथेंबांनी गोळा झाला. साबणाने धुऊन, पॉलिश पेपरने घासून प्राइमर दिल्यावर मात्र तो नीट बसला. उन्हाने लाल रंग थोडा फिका पडला आहे, एक शिंग तुटून जोडावे लागले, पण त्यासाठी तळहाताएवढेच चित्र नव्याने काढावे लागले.

1998 मध्ये झुरिक आणि 1999 मध्ये शिकागो येथे कलाप्रदर्शन म्हणून रस्त्यांवर मांडलेल्या रंगवलेल्या गाई फायबरच्याच होत्या, हे खरे. परंतु त्या एका हंगामापुरत्या होत्या आणि शिकागोतील अनेक गाईंचा नंतर धर्मादाय कामांसाठी लिलाव झाला. कायमच्या पुतळ्यासाठी तो दाखला पुरेसा नाही, हे मला पटते.

केवळ चढण्या-बसण्यासाठी प्राणी हवा असेल, तर एकरंगी सिमेंटचा हत्ती कदाचित अधिक योग्य ठरेल. चित्रे टिकावीत अशी इच्छा असेल, तर मी फायबर घेईन, आणि त्यातही मान वर करून उभी असलेली गाय. चरणाऱ्या गाईची शिंगे मुलांच्या हाताला सहज लागतात, आणि आमचे तुटलेले शिंग तिचेच होते.