कमरेचा पट्टा: निओप्रीन की ड्रिलचं कापड?

पोट आणि कंबर दोन्हीला धरणारा पट्टा शिवून घ्यायचा म्हटलं की आमच्या भागात गाडी दोन गोष्टींवर येऊन थांबते: निओप्रीन, म्हणजे पाणबुड्यांच्या सुटाचं रबरी फोमचं कापड, घ्यावं की ड्रिलसारखं जाड सुती कापड. मालवणात माझं काम ताडपत्र्या, गाड्यांच्या सीटा, शाळेची दप्तरं, होड्यांवरची आच्छादनं असं जाड शिवणीचं. दिवसभर मशिनवर वाकून कंबर धरायला लागली, तेव्हा पट्ट्यांकडे वळलो. दोन्ही तऱ्हेचे पट्टे शिवले, स्वतः वापरले, घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि बंदरावरच्या बायकांनाही करून दिले. सध्या माझ्या कमरेला आहे तो कापडी. पण निओप्रीनची बाजू लंगडी नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

तारकर्ली-मालवणात स्कूबा आलं तसं निओप्रीन इथे सगळ्यांच्या ओळखीचं झालं. शिवण उसवलेले सूट माझ्याकडे दुरुस्तीला येतात. एखादा अगदीच गेलेला असला तरी त्याच्या पाठीचा तुकडा बहुधा चांगला निघतो. माझा पहिला पट्टा मी तशाच तुकड्याचा केला. शिवायला हे साहित्य गुणी आहे. कापलेल्या कडेचे धागे सुटत नाहीत, त्यामुळे दुमड घालावी लागत नाही. पुढे रुंद वेल्क्रो लावला की काम झालं. अंगाला असं चिकटून बसतं की वाकून तरवा लावा, नाहीतर उकिडवं बसून मासे कापा, पट्टा जागचा हलत नाही. शरीराची ऊब आत धरून ठेवतं, आणि आखडलेल्या कमरेला ती ऊब बरी वाटते. सकाळी अंथरुणातून उठताना ज्यांची पाठ लाकडासारखी होते, त्यांना निओप्रीनचा पट्टा बांधल्यावर पहिल्या अर्ध्या तासात जो आराम पडतो तो कापडी पट्ट्याने तितका पडत नाही. माझ्या बाबतीत तरी असंच झालं.

बांधायलाही सोपा. एका हाताने टोक धरायचं, दुसऱ्याने ओढून चिकटवायचं. ज्यांची बोटं संधिवाताने वळत नाहीत, त्यांना मी आजही निओप्रीन आणि वेल्क्रोच सुचवतो. बक्कलं ओढत बसणं त्यांना जमत नाही, आणि बांधताना त्रास होणारा पट्टा खुंटीवरच राहतो.

मग मी तो सोडला का? जुलैमुळे.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. हवेत इतका ओलावा असतो की कपाटातल्या चामड्याच्या चपलेवरही बुरशी धरते. या दिवसांत निओप्रीनचा पट्टा रात्री धुऊन पडवीतल्या दांडीवर टाकला, तर सकाळी त्याच्या खालच्या कडेला अजून थेंब लटकत असतात. आतला फोम स्वतः पाणी पीत नाही, पण दोन्ही अंगांना चिकटवलेलं जर्सी कापड पितं, आणि मधल्या फोममधून वारा आरपार जात नाही. पिळायला गेलं तर जर्सी सुटते. इस्त्री चालत नाही, चुलीजवळ धरला तर कडक होतो, उन्हात टाकावा तर ऊनच नसतं. शेवटी माणूस तो दमटच बांधतो, किंवा धुवायचंच टाळतो. दोन्हीचा शेवट एकच. घाम आत, रबर वर, आणि त्या दोघांच्या मध्ये कातडी. आधी घामोळं, मग कमरेच्या घडीत लाल चट्टा, मग नायटा. वेल्क्रोच्या मऊ बाजूवर काळे ठिपके उठतात, आणि कितीही घासले तरी ते पुरते जात नाहीत. काहींना तर निओप्रीन बनवताना वापरलेल्या रसायनांचीच ॲलर्जी असते. तसं असेल तर कोरड्या दिवसांतही पट्ट्याच्या मापाचा लाल पट्टा पोटावर उमटतो.

बंदरावर मासे विकणाऱ्या एका मावशींना मी मोठ्या हौसेने निओप्रीनचा पट्टा करून दिला होता. पुढच्या वेळी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "हो पट्टो बरो आसा रे झिला, पण काढल्यार पाठ नुसती खाजता." त्यांची कंबर दुखायची थांबली होती, पण त्या पट्टा घालेनाशा झाल्या होत्या. माझ्या अंगावरही तोच चट्टा होता, म्हणून त्यांचं म्हणणं मला लगेच कळलं.

आता कापडी. इथे एक प्रामाणिक गोष्ट आधी सांगतो: जाड ड्रिलही पावसाळ्यात लवकर वाळत नाही. दोन पदरी ड्रिल दांडीवर तितकंच ओलं राहतं. फरक एवढाच की त्यावर इस्त्री फिरवता येते. वीज गेलेली असली तर कोळशाची इस्त्री. आधी उलट्या बाजूने, म्हणजे मांजरपाटाच्या अस्तराकडून, दाबून फिरवायची. पहिल्या फेरीत वाफ भसकन वर येते, दुसऱ्यात कमी, आणि तिसऱ्या-चौथ्यात कापडाला तो कडक सुका वास येतो. की बांधायला तयार. माझ्या निवडीचं कारण एवढंच आहे, बाकीचे गुणदोष त्यामागे.

पण इस्त्री फिरवायची तर पट्टा तसा बेतावा लागतो, आणि इथेच बाजारातले बहुतेक कापडी पट्टे गडबडतात. वेल्क्रोचे आकडे नायलॉनचे, इस्त्रीने वितळतात. इलॅस्टिक उष्णतेने मरतं. म्हणून मी ही दोन्ही पट्ट्याच्या अंगातून काढून टाकली. मूळ अंग नुसतं कापडाचं: बाहेरून ड्रिल, आतून मांजरपाट, दोन्ही आधी धुऊन आटवलेलं. लांबी नेहमी कापडाच्या उभ्या धाग्यात बेतायची, कारण आडवा धागा जास्त ताणला जातो आणि तसा बेतलेला पट्टा आठवड्याभरात सैल वाटायला लागतो. ओढून बांधायच्या पट्ट्या वेगळ्या, खाटेच्या सुती निवारीच्या, दप्तराच्या प्लास्टिक बक्कलांतून जाणाऱ्या आणि धुताना पूर्ण निघणाऱ्या. सुती निवार बक्कलात घसरत नाही, नायलॉनची पट्टी हळूहळू सुटत जाते. प्रत्येक निवारीच्या मागच्या टोकाला चार बोटं इलॅस्टिक, तेही विणलेलं घ्यावं. वेणीसारखं गुंफलेलं इलॅस्टिक ताणलं की अरुंद होतं आणि दोरीसारखं कापतं.

इलॅस्टिक एवढं कमी का, असं गिऱ्हाईक विचारतं. पट्टा मणक्यांना बाहेरून पकडत नसतो. तो पोटाला समोरून चेप देतो, त्याने पोटातला दाब थोडा वाढतो, आणि त्या दाबाचा कमरेच्या मणक्यांना आतून टेकू मिळतो, असा त्यामागचा विचार आहे. शिवाय वाकताना पट्टा अडतो आणि गुडघ्यात वाकायची आठवण होते. आता पोट बाहेर ढकलतंय तेव्हा समोरचं कापडच ताणलं गेलं तर चेप कसली? निओप्रीन नेमकं तिथेच ढिलं पडतं. ड्रिल ढिलं पडत नाही. श्वास घ्यायला, बसायला जी जागा लागते ती कुशीतल्या चार बोटांच्या इलॅस्टिकमधून मिळते. याची मोजणी मी केलेली नाही. पण हापूसच्या हंगामात भरलेल्या पेट्या टेम्पोत चढवताना कापडी पट्टा बांधलेला असला की संध्याकाळी कमरेत चमक कमी येते, हे मला जाणवतं.

पाठीच्या पात्यांचं, म्हणजे आतल्या ताठ सळयांचं, वेगळं सांगायला हवं. तयार पट्ट्यांत बऱ्याचदा स्टीलच्या पात्या असतात. खाऱ्या हवेत साध्या स्टीलला एका पावसाळ्यात गंज चढतो आणि शर्टावर तांबडे डाग पडतात. ते डाग धुऊन जात नाहीत. मी ॲल्युमिनियमच्या पात्या घालतो. त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते, पण डाग पडत नाही, आणि हाताने वाकवून कमरेच्या खळग्याचा आकार देता येतो. सारख्या वाकवत बसू नये, तुटतात. एकदा बाक जमला की तो तसाच ठेवावा. टोकं कानशीने गोल करून वर कापड गुंडाळावं. पात्या घालायचे खाचे चार: कण्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, प्रत्यक्ष कण्यावर एकही नाही. खाच्यांची तोंडं वर उघडी ठेवून झाकणी द्यावी, म्हणजे धुण्याआधी पात्या काढता येतात.

कापडी पट्ट्याचा खरा दोष म्हणजे तो वर सरकतो. रबरासारखी पकड त्याला नाही. सरळ आयताकृती पट्टा नितंबावरून हळूहळू चढून बरगडीला लागतो, बायकांना हा त्रास जास्त. उपाय बेतण्यात आहे: कुशीचे तुकडे पाचरीसारखे कापायचे, खालची कड वरच्यापेक्षा दीड-दोन इंच मोठी ठेवायची. मग तो कमरेच्या हाडाच्या कडेवर बसतो आणि तिथे टिकतो. नेसण जाड असेल तर आणखी अर्धा इंच. तरीही निओप्रीनइतका तो गप्प बसत नाही, हे मान्य. दिवसातून एखाददुसऱ्या वेळी खाली ओढावा लागतो.

दुसरा दोष वेळेचा. तीन-तीन निवारी ओढायला वेळ लागतो, आणि सदऱ्याखालून बक्कलांचे उंचवटे दिसतात.

बाळंतिणीसाठी कुणी विचारलं तर मात्र मी तुलनाच करत नाही. जुन्या लुगड्याने पोट बांधायची पद्धत आपल्याकडे आहेच. सिझेरियननंतर डॉक्टरांनी हो म्हटलं तर मऊ, रुंद, पात्या नसलेला सुती पट्टा द्यावा. खोकताना, उठताना टाक्यांवरचा ताण कमी वाटतो. टाक्यांवर रबर नको, आणि समोरची शिवण टाक्यांच्या रेषेवर येता कामा नये.

आणि पट्ट्याची गरज आहे का, हेही एकदा स्वतःला विचारावं. अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगारांच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 1994 सालीच सांगितलं होतं की धडधाकट कामगाराला पट्ट्यामुळे कमरेच्या दुखापतीपासून संरक्षण मिळतं असं सिद्ध झालेलं नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या मोठ्या पाहणीतही, दुकानांत माल हलवणाऱ्यांमध्ये पट्टा नेमाने बांधणारे आणि न बांधणारे यांच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. म्हणून दुखत नसताना सवयीने बांधू नका. उसण भरली असेल, कंबर धरली असेल, तेव्हा कामापुरता बांधा आणि काम झालं की सोडा. रक्तदाब किंवा हर्निया असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण पट्टा आवळून जड उचललं की रक्तदाब वाढू शकतो. पायात बधिरपणा येत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल तर पट्ट्याचा विचार सोडून त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तुमचं काम पंख्याखाली बसून असेल, पट्टा तासाभरापुरता लागत असेल, तर निओप्रीन घ्या, त्यात काही वावगं नाही. अंगमेहनत असेल, घाम असेल, चार महिने ओल असेल, तर मी कापडीकडे झुकेन. आणि एकच पट्टा परवडत असेल तर त्याला मांजरपाटाची दोन सुटी अस्तरं शिवून घ्या, बंदांनी बांधायची. रोज अस्तर बदललं की मूळ पट्टा आठवड्यातून एकदा धुतला तरी भागतं.

माप देताना उभं राहून, श्वास सोडून द्या, पोट आत ओढून नको. पाठीला नऊ इंच रुंदी, पुढे सहा-सात पुरे. अंगावर चढवला की जमिनीवर मांडी घालून आणि विळीवर बसतो तसं बसून बघा. खालची कड जांघेत रुतली किंवा वरची बरगडीला लागली, तर तिथल्या तिथे खडूने खूण करून शिंप्याकडे परत द्या.