परसबाग आणि सहा तलंगांचा तयार संच: खुराडे वगळून घ्यावा असा

घरची भाजी आणि घरची अंडी यांची सुरुवात एकदमच करू पाहणाऱ्या कुटुंबांसाठी हल्ली काही नर्सऱ्या तयार संच विकू लागल्या आहेत. सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या नर्सरीतून आम्ही असा संच घेतला आणि पावसाळ्याच्या तोंडावर मांडला. त्यात ग्रामप्रिया जातीच्या सुमारे तीन महिन्यांच्या सहा तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या), जाळीचे खुराडे, बारा ग्रो बॅग, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) पाच किलोची वीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, आठ भाज्यांचे बियाणे आणि दहा किलो खाद्य एवढे सामान येते. घरपोच किंमत साडेसात हजार रुपये. यांतील पक्षी आणि बियाण्यांची निवड इतकी विचारपूर्वक केलेली आहे की नवख्या माणसाने ती डोळे झाकून स्वीकारावी. खुराड्याबद्दल मात्र तसे मुळीच म्हणता येत नाही.

प्रथम कोंबड्यांविषयी. परसातील कोंबडी म्हटले की बहुतेकांच्या मनात गावरान कोंबडी येते, आणि तिच्या काटकपणाबद्दल दुमत नाही. पण ती वर्षाकाठी साधारण साठ-सत्तर अंडी देते आणि थोडी अंडी घातली की खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवत बसते. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेने परसातील पालनासाठी वनराजा आणि ग्रामप्रिया अशा दोन जाती विकसित केल्या आहेत. वनराजा अंडी आणि मांस या दोन्हींसाठी आहे व अंगाने जड असते. ग्रामप्रिया मुख्यतः अंड्यांसाठी आहे आणि चांगली निगा राखल्यास परसातही वर्षाला 160 ते 180 अंडी देते. अंड्याचे कवच तपकिरी असते. ज्या घराला रोजची दोन-चार अंडी हवी आहेत त्याच्यासाठी नर्सरीने वनराजाऐवजी ग्रामप्रिया निवडावी, हे योग्यच झाले. संचात कोंबडा नाही, यावर अनेकजण शंका काढतात. अंडी घालण्यासाठी कोंबड्याची गरज नसते. तो नसला तर अंडी फलित होत नाहीत एवढेच, आणि वस्तीत राहणाऱ्यांच्या दृष्टीने पहाटेची बांग टळते हा फायदाच.

एक दिवसाची पिल्ले न देता वाढवलेल्या तलंगा देणे हा या संचाचा सर्वांत मोठा गुण आहे. पहिले काही आठवडे पिल्लांना बल्बची ऊब लागते, पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडी रोगावरची लस), दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी गंबोरो आणि चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा अशा लसी वेळेवर द्याव्या लागतात, आणि नवख्यांच्या पिल्लांची मर नेमकी याच काळात होते. येथे तो काळ नर्सरीने सांभाळलेला असतो. प्रत्येक गिऱ्हाइकाला लसीकरणाचे कार्ड मिळते. त्यावर उबवणी केंद्रात दिलेल्या मरेक लसीपासून आठव्या आठवड्यातील मानमोडीच्या इंजेक्शनापर्यंत आणि देवीच्या लसीपर्यंत सर्व नोंदी तारखेसह आहेत. मानमोडी, म्हणजेच राणीखेत, हा परसातील कोंबड्यांचा पहिल्या क्रमांकाचा शत्रू असल्यामुळे हे कार्ड पाहिल्याशिवाय कोणाकडूनही पक्षी घेऊ नयेत असे मी आग्रहाने सांगेन.

पक्षी निवडून देण्याची पद्धतही वाखाणण्याजोगी वाटली. तेथील कामगार बाईंनी प्रत्येक तलंग दोन्ही हातांत घट्ट पण अलगद धरली, पंख पसरून त्याखालची पिसे फुंकर घालून उघडली आणि कातडीवर उवा नाहीत हे आम्हाला दाखवले. मग नाकपुड्या कोरड्या आहेत का, पायांवरचे खवले गुळगुळीत आहेत का, शेपटीखालची पिसे विष्ठेने चिकटलेली नाहीत ना, हे पाहून मगच ती खोक्यात ठेवली. चोची कापलेल्या नव्हत्या, हेही महत्त्वाचे. पिंजऱ्यातील व्यावसायिक पालनात टोचाटोची टाळण्यासाठी चोच छाटतात. परंतु माती उकरून किडे टिपणाऱ्या कोंबडीला अखंड चोच हवीच.

खाद्याच्या बाबतीत मात्र नर्सरीची चूक झाली. आमच्या पोत्यावर अंड्यावरील कोंबड्यांचे लेयर खाद्य असल्याचे छापले होते. त्यात कवचासाठी लागणारे कॅल्शियम साडेतीन ते चार टक्के असते, तर वाढत्या तलंगेला साधारण एक टक्काच पुरते. जादा कॅल्शियमचा भार तिच्या मूत्रपिंडांवर पडतो. पहिले अंडे दिसेपर्यंत ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचे) खाद्य आणि त्यानंतर लेयर खाद्य, हा क्रम पाळायला हवा. फोन केल्यावर पोते विनातक्रार बदलून मिळाले आणि माहितीपत्रकात दुरुस्ती करण्याचे आश्वासनही मिळाले, तरी घेणाऱ्याने पोत्यावरील मजकूर दुकानातच वाचावा. मोठी कोंबडी दिवसाला सुमारे 100 ते 120 ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे सहा कोंबड्यांना दहा किलोचे पोते दोन आठवडेच पुरते; किमतीचा हिशेब करताना हा चालू खर्च लक्षात घ्यावा. स्वयंपाकघरातील पालेभाजीचे देठ, उरलेला भात, ज्वारीचे दाणे यांनी तो काहीसा कमी होतो, पण केवळ उरल्यासुरल्यावर ग्रामप्रिया ठेवली तर अंडी मिळणार नाहीत.

आता खुराडे. लोखंडी पट्ट्यांच्या चौकटीवर षटकोनी छिद्रांची पातळ कोंबडजाळी ताणलेली, वर पत्रा, पुढे आकड्याची कडी, आणि तळाला काहीच नाही, असे त्याचे स्वरूप आहे. दिसायला नीटनेटके आहे आणि दोघांना सहज उचलता येते. पण कोंबडजाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरती असते, शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी नव्हे. मुंगूस कडेची माती उकरून आत शिरते, भटके कुत्रे पातळ तार दातांनी फाडते, आणि साप तर त्या छिद्रांतून सरळ आत येतो. आमच्याकडे मुंगसाने एका रात्री कडेला हातभर खोल उकरलेले सकाळी आढळले. तलंगा त्या रात्री पडवीतील खोक्यात होत्या म्हणूनच वाचल्या. त्यानंतर आम्ही गावातील वेल्डिंगवाल्याकडून अर्ध्या इंची चौकोनी छिद्रांची वेल्ड मेश चारही बाजूंना बसवून घेतली, ती जमिनीखाली वीतभर पुरली, तळाला फरशी घातली आणि आकड्याच्या जागी कोयंडा व कुलूप लावले. या दुरुस्तीला जो खर्च आला त्यात थोडी भर घातली असती तर नवे खुराडे झाले असते.

आतील रचनेतही उणिवा आहेत. कोंबडीला रात्री उंचावर बसायला दांडा लागतो. तो येथे दिलेला नाही. अंडी घालण्यासाठी आडोशाची, अंधारी, फूटभर लांबरुंद पेटी लागते. सहा कोंबड्यांना अशा दोन पेट्या पुरेत, पण येथे एकही नाही. पेटी नसेल तर कोंबड्या ओल्या तुसात अंडी घालतात, ती फुटतात, आणि फुटलेले अंडे चाखण्याची सवय एकीला लागली की इतरांनाही लागते. क्षेत्रफळ मात्र पुरेसे आहे. प्रत्येक पक्ष्याला दोन चौरस फुटांहून थोडी अधिक जागा येते, आणि दिवसभर बाहेर हिंडणाऱ्या कोंबड्यांना रात्रीपुरती ती भागते. नर्सरीशी बोलणी करताना खुराडे वगळून उर्वरित संच घेता येतो का हे विचारावे. आमच्यानंतर घेतलेल्या एका शेजाऱ्यांना तसा तो मिळाला आणि किमतीत अडीच हजारांची सूट मिळाली.

बियाण्यांची पाकिटे पाहून मला मनापासून आनंद झाला. भेंडीत परभणी क्रांती दिली आहे. परभणीच्या कृषी विद्यापीठाने रानभेंडीशी संकर करून काढलेले हे वाण पाने पिवळी पडणाऱ्या हळद्या रोगाला बऱ्यापैकी दाद देत नाही. औषधे न फवारता भेंडी घ्यायची असेल तर सुरुवातीला असेच वाण हवे. वांग्यात मांजरी गोटा आहे, म्हणजे जांभळ्या अंगावर पांढऱ्या रेघा असलेले, काटेरी देठाचे, भरल्या वांग्याला शोभणारे गोल वांगे. ही दोन्ही सरळ वाणे असल्यामुळे चांगले फळ झाडावर पिकवून पुढच्या वर्षाचे बी घरीच धरता येते, जे संकरित वाणात साधत नाही. मेथी महिन्याभरात काढणीला येते आणि भेंडीचा पहिला तोडा पेरणीनंतर साधारण पन्नास दिवसांत मिळतो, त्यामुळे वांगी आणि मिरची रोपावस्थेत असतानाच घरात काहीतरी येऊ लागते. नवशिक्याचा हुरूप टिकण्यासाठी ही निवड फार उपयोगी ठरते.

एका बाबतीत कडक सूचना द्यावीशी वाटते. भेंडी आणि दोडक्याचे बी गुलाबी रंगाचे होते. तो रंग बुरशीनाशकाची प्रक्रिया झाल्याची खूण असते आणि असे बी माणसांनी किंवा कोंबड्यांनी खाणे धोक्याचे आहे. जेथे एकाच संचात बियाणे आणि कोंबड्या दोन्ही दिल्या जातात तेथे हा इशारा ठळक अक्षरांत असायला हवा होता. माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नाही. भेंडीचे बी रात्रभर भिजवून पेरले की उरलेले बी अंगणात टाकून देण्याची सवय अनेकांना असते. ते पुरून टाकावे आणि पेरलेल्या वाफ्यावर बी उगवेपर्यंत जाळी अंथरावी. शिवाय मोठ्या पोत्यातून सुट्या केलेल्या या छोट्या पाकिटांवर चाचणीची तारीख नव्हती. मूळ पोत्याला प्रमाणित बियाण्याचे निळे लेबल होते असे विक्रेत्यांनी सांगितले आणि मागितल्यावर ते दाखवलेही. तरी पाकिटावर तारीख छापणे त्यांना अवघड नाही.

ग्रो बॅगचे कापड जाड आहे, तळाची छिद्रे पुरेशी आहेत. माहितीपत्रकात मात्र निव्वळ कोकोपीट आणि गांडूळखत भरायला सांगितले आहे, ते आमच्या भागातील पावसाला मानवत नाही. कोकोपीट पाणी धरून ठेवते आणि त्यात अन्नद्रव्ये जवळजवळ नसतात. जुलैच्या झडीत अशा पिशव्या आठवडा-आठवडा चिंब राहतात आणि मिरचीची मुळे कुजतात. माती, कुजलेले खत आणि कोकोपीट प्रत्येकी एक हिस्सा घेतल्यास निचराही राहतो आणि खतही पुरते. पाच किलोची वीट भिजल्यावर सुमारे सत्तर लिटर होते. फूटभर रुंद आणि तितक्याच खोल अशा बारा पिशव्यांच्या एक तृतीयांश हिश्श्याला ती जवळपास पुरते, त्यामुळे जास्तीची वीट घेण्याची गरज नाही.

कोंबड्या आणि भाजी एकत्र का ठेवायच्या, याचे खरे उत्तर कोंबडखतात आहे. नत्र भरपूर असलेले हे खत ताजे असताना इतके तापट असते की रोपाच्या बुडाशी घातले तर मुळे जळतात, शिवाय त्यातील जंतू पालेभाजीवर येऊ शकतात. खुराड्यातील तूस विष्ठेसकट काढून वाळलेल्या पाल्याबरोबर थरांनी रचावे, ओलसर ठेवावे, अधूनमधून चाळवावे आणि निदान चार महिने पूर्ण कुजू द्यावे. माहितीपत्रकात ‘थेट वापरा’ असे लिहिले आहे, ते कृपया कोणी मानू नये. त्याचप्रमाणे वाफ्यांना चार फूट उंच जाळीचे कुंपण आधी घालावे आणि कोंबड्या मग सोडाव्यात. मेथीचा कोवळा वाफा सहा कोंबड्या अर्ध्या तासात साफ करतात आणि रोपांची मुळेही उकरून काढतात. पीक निघाल्यावर मात्र रिकाम्या वाफ्यात त्यांना आठवडाभर मोकळे सोडावे. तणांचे बी, अळ्या, कोष, लहान गोगलगायी यांचा त्या ज्या चिकाटीने फडशा पाडतात ते पाहिल्यावर या जोडीचे मोल पटते.

विक्रीनंतरच्या सेवेबद्दल समाधान आहे. नर्सरी फोनवर प्रश्नांची उत्तरे देते आणि मानमोडीच्या पुढील लसीची तारीख जवळ आली की आठवण करते. लस एका कुपीत अनेक पक्ष्यांची येत असल्यामुळे ती परिसरातील चार-पाच घरे जुळवून एकाच दिवशी देतात, ही सोय लहान पाळणाऱ्यांना फार मोलाची आहे. वय झालेल्या कोंबड्या मात्र नर्सरी परत घेत नाही. साधारण दुसऱ्या वर्षानंतर अंडी कमी होत जातात आणि कोंबडी त्यानंतरही काही वर्षे जगते. तेव्हा तिला घरात तशीच सांभाळायची की खाटकाकडे द्यायची, हे घरातील सर्वांनी, विशेषतः मुले असतील तर त्यांच्याशी बोलून, पक्षी आणण्यापूर्वीच ठरवावे.