पट्टी घ्या, सोबतचा तक्ता बाजूला ठेवा

एचआयव्हीची औषधं नियमित चालू आहेत, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, तरी थकवा हटत नाही. अशा माणसाने जिमची वर्षाची फी भरण्याआधी व्यायामाची रबरी पट्टी घेऊन बघावी. हँडलची नळी नको, आखूड गोल पट्टाही नको. दीड-दोन मीटरची सपाट पट्टी. बोटं बधिर असतील तरी तळव्याभोवती सैल वेढा देऊन ती धरता येते, मूठ आवळावी लागत नाही. बहुधा पिवळी सर्वांत हलकी, मग लाल, हिरवी, निळी; पण प्रत्येक कंपनीचे रंग जुळत नाहीत. दुकानात ताणून बघा. दुप्पट लांब ओढताना श्वास रोखावा लागला तर तिच्याहून हलकी मागा.

पट्टी चांगली, तक्ता मात्र कामाचा नाही. सोबतच्या कागदावर सहसा पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या आणि दर आठवड्याला वाढ असते. तो हिशेब धडधाकट माणसाचा. इथे श्रमाची वसुली कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी होते, आणि व्यायामाच्या दिवशी ताजंतवानं वाटलं याला काही अर्थ राहत नाही.

सुरुवात अशी करा: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून पाच वेळा उठबस, पट्टीशिवाय. दोन मिनिटं विश्रांती. मग बसूनच पट्टी दोन्ही पावलांखाली घालून, पावलाला एकेक वेढा देऊन (नाहीतर ती निसटून थेट तोंडावर येते), कोपरं मागे ओढा, आठ वेळा. बस. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान दोन दिवस मोकळे. थकवा शून्य ते दहा असा त्या संध्याकाळी, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी वहीत लिहा. दोन आठवडे आकडा चढला नाही तरच दोन आवर्तनं वाढवा. चढला तर निम्म्यावर या. दर वेळी आडवंच पडायला होत असेल तर वाढवणं थांबवा आणि डॉक्टरांना वही दाखवा. क्रॉनिक फटिग सिंड्रोममध्ये (महिनोन्महिने न हटणारा, श्रमाने वाढणारा थकवा) ठरवून वाढवत नेलेला व्यायाम देऊ नये, असं उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्येच सांगितलं आहे.

पट्टी घेण्याआधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ तपासून घ्या. झिडोव्ह्युडिन हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर हिमोग्लोबिन नक्कीच. ताप, रात्रीचा घाम, घटणारं वजन किंवा हटत नसलेला खोकला असेल तर व्यायाम नाही, आधी एआरटी सेंटर, म्हणजे एचआयव्हीची औषधं मिळतात ते केंद्र.

दुकानात पट्टीबरोबर कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या किंवा पावडर गळ्यात मारली तर जपून. एचआयव्हीच्या गोळीत डोल्युटेग्राविर हे औषध असेल (टीएलडी या तीन औषधांच्या एकत्रित गोळीत असतं) तर ती उपाशीपोटी यांच्याबरोबर घेतल्यास कमी शोषली जाते. एचआयव्हीची गोळी यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर.

घामातून, पट्टीतून किंवा खुर्चीवरून एचआयव्ही पसरत नाही. त्यामुळे पट्टी घरात सगळ्यांनी वापरली तरी चालते आणि दुकानदाराला काही सांगायची गरज नाही.

बडोद्याच्या उन्हाळ्यात पट्टी गच्चीवर किंवा स्कूटरच्या डिकीत ठेवू नका, लॅटेक्स कडक होऊन तडकतं. खोबरेल लावलेल्या हातांनीही धरू नका, तेलाने रबर सडतं. साध्या पाण्याने पुसून सावलीत वाळवा, थोडी टाल्कम पावडर लावा. दर वेळी उजेडासमोर धरून चीर दिसते का बघा. दिसली की फेकाच, डोळ्यावर तुटली तर इजा होते. लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेली पट्टी मागा.

चालायचं असेल तर पट्टीच्या दिवशी नको. बडोद्याच्या कमाटी बागेत सकाळी जा आणि पाचव्या मिनिटाला वळा, पाय चालत असले तरी. परतीचीही पाच मिनिटं धरायची असतात.