कपाटातली दमट हवा मोजायला झिगबी की ईएसपीहोम?

होम असिस्टंट (स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर) घरात स्थिरावलंय, चार दिवे आणि दोन प्लग जोडून झालेत, आणि आता तापमान-आर्द्रतेचा सेन्सर हवाय, अशा टप्प्यावर जे आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. होम असिस्टंट म्हणजे काय, झिगबीला (उपकरणांचं कमी विजेवर चालणारं बिनतारी जाळं) डोंगल (ते जाळं होम असिस्टंटला जोडणारी काडी) का लागतो, यात शिरत नाही.

माझं काम साधं होतं. पुण्यात तळमजल्यावरचं घर, आणि पावसाळा लागला की पुस्तकांच्या कपाटाला बुरशी. कपाटातली आर्द्रता ६५ टक्क्यांवर गेली की खोलीतला डिह्युमिडिफायर स्मार्ट प्लगवरून सुरू व्हावा आणि ५८ ला बंद व्हावा, एवढीच अपेक्षा. त्यासाठी दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलं. एक, बाजारात मिळणारा बॅटरीवरचा झिगबी सेन्सर. दुसरी, ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या बोर्डाला सेन्सर जोडून त्यावर ईएसपीहोम हे सॉफ्टवेअर टाकायचं आणि वायफायने होम असिस्टंटला जोडायचं.

सुरुवातीचा आनंद झिगबीत जास्त आहे, हे मान्यच करायला हवं. बटण दाबून धरलं, जोडणी झाली, दुहेरी टेपने फळीला चिकटवला, संपलं. तार नाही, चार्जर नाही, बॅटरी निवांत टिकते. घरच्यांची तक्रार नाही, कारण तो कुणाला दिसतच नाही. शिवाय तो सतत जागा नसतो, त्यामुळे स्वतः तापत नाही आणि तापमान पहिल्या दिवसापासून बरोबर दाखवतो.

ईएसपीच्या बाबतीत नेमकी तीच पहिली अडचण आहे. वायफाय चालू असलेला बोर्ड कोमट असतो. सेन्सर त्याला खेटून बसवला, किंवा दोन्ही एकाच बंद डबीत घातले, की तापमान दोन-तीन अंश जास्त दिसतं. बरेच जण ईएसपीहोममध्ये तापमानाला उणे दोनचा ऑफसेट (ठरावीक दुरुस्ती) लावून मोकळे होतात. तापमान सुधारतं, पण आर्द्रतेचा आकडा तसाच चुकीचा राहतो, कारण तो सेन्सरभोवतीच्या तापलेल्या हवेचा असतो. समजा सेन्सर ३० अंश आणि ६० टक्के म्हणतोय आणि कपाटात खरे २८ अंश आहेत. हवेत बाष्प तेवढंच आहे, पण २८ अंशांच्या हिशोबाने ती आर्द्रता ६७ टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे माझ्या ६५ च्या मर्यादेपलीकडे, आणि डिह्युमिडिफायर मात्र बंद! उपाय आकडेमोडीत शोधण्यापेक्षा तारेत शोधावा. बोर्ड कपाटाबाहेर, सेन्सर आत, मध्ये वीतभर लांबीच्या चार तारा. सेन्सर ज्या आय-टू-सी पद्धतीने बोर्डाशी बोलतो तिला एवढं अंतर सहज चालतं.

आर्द्रता बरोबर आहे की नाही हे घरी तपासता येतं. बाटलीच्या झाकणात मीठ घ्यायचं, ओल्या वाळूसारखं होईल इतकंच पाणी घालायचं, आणि ते झाकण सेन्सरसकट हवाबंद काचेच्या बरणीत रात्रभर ठेवायचं. २५ अंशांच्या आसपास आतली आर्द्रता ७५ टक्क्यांवर येऊन थांबते. सेन्सर ७२ म्हणाला तर ईएसपीहोममध्ये तीनचा ऑफसेट लावा. इथे तो लावणं योग्य आहे. झिगबीतही दुरुस्ती करता येते, फक्त ती बहुधा होम असिस्टंटच्या बाजूला करावी लागते.

सेन्सर कोणता घ्यायचा यावर थोडक्यात. बीएमई२८० लोकप्रिय आहे, पण त्याच्या नावाखाली बीएमपी२८० हातात पडणं नेहमीचं आहे, आणि त्यात आर्द्रता मोजायची सोयच नाही. चिपचं धातूचं झाकण निरखून पाहा: बीएमईचं चौरस, बीएमपीचं किंचित लांबट. हवेचा दाब नको असेल तर एसएचटी३१ घ्या. आर्द्रतेसाठी मला तो जास्त भरवशाचा वाटला.

आता ज्या एका गोष्टीवरून माझा निर्णय झाला तिच्याकडे येतो.

बॅटरीवरचा झिगबी सेन्सर बहुतेक वेळ झोपलेला असतो. आकड्यात पुरेसा बदल झाला किंवा बराच वेळ गेला की जागा होऊन निरोप पाठवतो. तो निरोप जवळच्या एखाद्या राउटरमार्फत डोंगलपर्यंत जातो, आणि राउटर म्हणजे सतत विजेवर असणारं झिगबी उपकरण, माझ्याकडे पॅसेजमधला स्मार्ट दिवा. आमच्याकडे आई रात्री झोपायला जाताना बोर्डावरची बटणं एकेक करून बंद करते. वर्षानुवर्षांची सवय, आणि चुकीची तर मुळीच नाही. दिवा बंद, म्हणजे राउटर बंद, म्हणजे कपाटातल्या सेन्सरचा रस्ता बंद. काही सेन्सर लगेच दुसरा रस्ता शोधतात. काही जण मात्र जुन्याच दिव्याची वाट बघत बसतात.

रस्ता बंद झाला याचं मला एवढं वाईट वाटलं नाही. वाईट याचं की हे कळतच नाही. डॅशबोर्डवर ६१.४ टक्के दिसत राहतं, नेहमीच्या रंगात. आलेख सरळ रेषेत जातो, पण बंद कपाटातल्या आर्द्रतेचा आलेख एरवीही जवळजवळ सरळच असतो, त्यामुळे शंका यावी असं काही नाही. ऑटोमेशन ६५ ची मर्यादा ओलांडली जाण्याची वाट पाहतं, आकडा हलत नाही, मर्यादा ओलांडली जात नाही. बाहेर धो धो पाऊस, आणि घरातली यंत्रणा सगळं आलबेल असल्याचं सांगतेय. मला पत्ता लागला तो कापडी बांधणीच्या दोन पुस्तकांवर पांढरी बुरशी दिसल्यावर.

यावर उपाय आहेत, नाही असं नाही. झेडएचए (होम असिस्टंटमधलीच झिगबीची सोय) वापरत असाल तर बॅटरीवरचं उपकरण मुळातल्या सेटिंगप्रमाणे ६ तास गप्प राहिल्यावर अनुपलब्ध दाखवलं जातं. झिगबी२एमक्यूटीटी या वेगळ्या प्रोग्रॅममध्ये ही तपासणी आधी चालू करावी लागते, आणि केल्यावरही बॅटरीच्या उपकरणांना २५ तासांची सवलत असते. ती कमी करता येते. किंवा शेवटचा निरोप कधी आला याची वेळ मागवून त्यावर वेगळं ऑटोमेशन लिहिता येतं. मी तेही केलं. मग उलटा त्रास सुरू झाला: हवेत बदलच नसल्यामुळे बोलायला काही नसलेला धडधाकट सेन्सर पहाटे ‘गेला’ म्हणून फोनवर सूचना. वेळ वाढवली की खरा बिघाड उशिरा कळतो, कमी केली की झोपमोड. पॅसेजमध्ये दिव्याऐवजी कायम चालू राहणारा प्लग राउटर म्हणून लावला की बराच फरक पडतो, आणि झिगबीच घ्यायचं ठरवलं असेल तर ते आधी करा. पण माझा विश्वास उडाला तो उडालाच.

ईएसपीहोमचा बोर्ड इथे सरळ वागतो. तो होम असिस्टंटशी कायम जोडलेला असतो. चार्जर उपटून पाहा, एक-दोन मिनिटांत आकडा जाऊन ‘अनुपलब्ध’ येतं. त्याच शब्दावर ऑटोमेशन लावलंय: सेन्सर दहा मिनिटं अनुपलब्ध असेल तर डिह्युमिडिफायर आपला दोन तास चालू दे आणि मला कळव. गुरुवारी दुरुस्तीच्या नावाखाली वीज जाते तेव्हा वायफाय आणि होम असिस्टंट इन्व्हर्टरवर चालू राहतात, बोर्ड बंद पडतो आणि तसं दिसतंही. वीज आली की आपोआप पुन्हा हजर. आईने कुठलं बटण बंद केलं याच्याशी त्याचा काही संबंध नाही, फक्त त्याचा चार्जर ज्या सॉकेटात आहे त्याला हात लागू नये म्हणून तो कपाटामागे घेतलाय.

त्याचे त्रास वेगळे आहेत. तार दिसते. वायफायचा पासवर्ड बदलला की प्रत्येक बोर्डाकडे जावं लागतं, म्हणून पासवर्ड बदलायच्या आधी नवं सेटिंग बोर्डावर चढवून ठेवावं. होम असिस्टंट बराच वेळ बंद राहिलं तर बोर्ड दर १५ मिनिटांनी स्वतःला रीस्टार्ट करत बसतो. सेटिंगमध्ये शून्य लिहिलं की थांबतो. आणि पिनांना डाग द्यावा (सोल्डरिंग करावं) लागतो, हे ज्यांना नको त्यांना नकोच असणार. बोर्ड बॅटरीवर चालवून गाढ झोपेत पाठवायचा विचार असेल, तर माझ्या मते सोडून द्या. झोपलेला बोर्ड पुन्हा त्याच गप्प राहण्याच्या प्रश्नाकडे नेतो, वर अपडेट चढवायला तो कधी जागा होतोय याची वाट बघावी लागते.

ब्लूटूथचा तिसरा मार्गही आहे. शाओमीचं ते छोटं चौकोनी घड्याळवजा यंत्र, त्यावर ब्राउझरमधूनच चढवता येणारं बीटीहोम पद्धतीने आकडे पाठवणारं फर्मवेअर, आणि ते आकडे होम असिस्टंटपर्यंत पोचवायला जवळ एखादा ईएसपी३२ ब्लूटूथ प्रॉक्सी म्हणून. ते सारखं बोलत राहतं, त्यामुळे गप्प झालं तर लवकर कळतं. ज्यांना तार अजिबात चालणार नाही त्यांना मी झिगबीआधी हे सुचवेन, पण कपाटाचं दार लोखंडी असेल तर आधी सिग्नल तपासा.

झिगबीचे सेन्सर मी फेकलेले नाहीत. बाल्कनीत एक आहे, मुलीच्या खोलीत एक. तिथे आकडा फक्त बघायचा असतो, त्यावर काही चालू-बंद होत नाही, आणि तिथे ते उत्तमच आहेत. भाड्याच्या घरात भिंतीला, फर्निचरला हात लावता येत नसेल तरी तेच बरे.

बाकी, आकड्यावर एखादं यंत्र चालणार असेल तर माझा कल तारेकडे. एसएचटी३१, ईएसपी३२, कपाटात पडलेला जुना मोबाइल चार्जर आणि चार जंपर तारा. सेन्सर मधल्या फळीच्या कडेला, पुस्तकांच्या मागे दडणार नाही असा. मागच्या प्लायला ६ मिलिमीटरचं भोक पुरतं, तारा एकेक करून ओवायच्या आणि मग आतल्या बाजूने सेन्सरला जोडायच्या.