हैदराबादेत एकच दिवस: सालारजंग, बिर्ला विज्ञान केंद्र की पब्लिक गार्डनमधलं संग्रहालय?

हैदराबादेत चारमिनार आणि गोवळकोंडा पाहून एक दिवस उरला, की घरात दोन तट पडतात. मोठ्यांना सालारजंग बघायचं असतं, मुलांना तारांगण आणि डायनासोर. मग दोन्ही उरकायचं ठरतं, आणि संध्याकाळी सगळेच दमलेले, कुणाचंच धड काही पाहून झालेलं नाही, अशी गत होते. त्यापेक्षा एक ठिकाण मुख्य धरावं आणि वेळ उरलाच तर दुसरं चटणीसारखं तोंडी लावावं.

आधी वार बघा

संग्रहालयाची सुट्टी म्हटलं की आपल्या डोक्यात सोमवार येतो. हैदराबादेत तो हिशेब चुकतो. सालारजंग शुक्रवारी बंद, पुरानी हवेलीतलं निजाम संग्रहालय शुक्रवारी बंद आणि पब्लिक गार्डनमधलं राज्य पुरातत्त्व संग्रहालयही शुक्रवारीच बंद. तुमचा मोकळा दिवस शुक्रवार असेल तर प्रश्न मिटला, बिर्ला विज्ञान केंद्राकडे जा. शिवाय शुक्रवारी दुपारी मक्का मशिदीच्या नमाजामुळे चारमिनार भागात वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात, तेव्हा त्या वेळी जुन्या शहरापासून लांब राहिलेलं बरं.

बिर्ला केंद्राची तऱ्हा वेगळी. तिथे आठवड्याची सुट्टी नसते, पण महिन्यातला शेवटचा मंगळवार विज्ञान संग्रहालयाचा आणि शेवटचा गुरुवार तारांगणाचा सुट्टीचा. हे दोन दिवस टाळा, नाहीतर अर्धंच केंद्र उघडं मिळेल.

सालारजंग: एका माणसाचा हव्यास

सालारजंग हे निजामाच्या दिवाणांचं घराणं. त्यातले तिसरे सालारजंग, म्हणजे मीर युसूफ अली खान, 1949 साली वारले. आयुष्यभर त्यांनी जगभरातून वस्तू गोळा केल्या, त्यात आजोबांनी, पहिल्या सालारजंगांनी, आणलेल्या गोष्टींची भर होतीच. 1951 मध्ये त्यांच्या दिवाण देवडी या वाड्यातच संग्रहालय उघडलं, 1961 मध्ये संसदेच्या कायद्याने त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला आणि 1968 पासून ते मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आहे. वस्तू चाळीस हजारांच्या वर, दालनं 38, इमारती तीन: मधली भारतीय, एका बाजूला पाश्चात्त्य, दुसऱ्या बाजूला पौर्वात्य.

आकडे एवढ्यासाठी दिले, की सगळं बघायचा हट्ट सुरुवातीलाच सोडता यावा. चूक नेहमीची असते: पहिल्या दालनापासून क्रमाने सुरुवात करायची, प्रत्येक पाटी वाचायची आणि दीड तासात पाय बोलायला लागले की उरलेलं पळत बघायचं. त्याऐवजी दहाला दार उघडतं तेव्हा हजर राहा, सामान ठेवायच्या खिडकीवर पिशव्या द्या आणि थेट बुरख्यातल्या रिबेकाकडे जा. इटालियन शिल्पकार बेंझोनीची ही संगमरवरी मूर्ती पहिल्या सालारजंगांनी 1876 मध्ये रोममध्ये विकत घेतली. चेहऱ्यावरचा झिरझिरीत बुरखा आणि त्याखालचा चेहरा, दोन्ही एकाच दगडात. बेंझोनीने या मूर्तीच्या आणखीही प्रती केल्या होत्या, त्यामुळे जगात एकमेव वगैरे ऐकलंत तर सोडून द्या. समोरून पाहिलीत तर बुरखा नुसता सुंदर दिसतो. बाजूने, उजेड तिरका पडेल असं उभं राहिलात की दगड कुठे उंच ठेवलाय आणि कुठे खोल घेतलाय ते कळतं. अकरानंतर इथे फोटोवाल्यांची भिंत उभी राहते, म्हणून सकाळची घाई.

मग घड्याळ. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी या पेढीकडून घेतलेलं हे घड्याळ दर तासाला गर्दी खेचतं. आत एक लोहार सतत हातोडा मारत असतो. तास भरायच्या काही मिनिटं आधी दाढीवाला माणूस दारातून बाहेर येतो, जितके वाजले तितके टोल देतो आणि आत जातो. बाराचे टोल सर्वांत जास्त म्हणून बहुतेक जण बारालाच जमतात, आणि मागच्या मुलांना पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसतात. अकरा वाजता जा. टोल एकच कमी, गर्दी बरीच कमी. पावणेअकराला जागा धरली तर बसायलाही मिळतं.

त्यानंतर तीनच दालनं निवडा. जेड या मौल्यवान, हिरवट दगडाच्या वस्तूंचं दालन चुकवू नका: नूरजहाँचा खंजीर आणि जहांगीरची फळं कापायची सुरी तिथे आहे. हस्तिदंताच्या दालनात फ्रान्सच्या सोळाव्या लुईने टिपू सुलतानला दिल्याचं सांगितलं जातं त्या खुर्च्या आहेत. लाकडातली दुहेरी मूर्ती मुलांना आवडते, कारण पुढून सैतान आणि मागे ठेवलेल्या आरशात लाजरी मुलगी दिसते. तिसरं दालन आपापल्या आवडीचं: शस्त्रं, हस्तलिखितं किंवा घड्याळं. असा फेरा तीन तासांत होतो. पौर्वात्य इमारत, चिनी आणि जपानी वस्तूंची खास ओढ नसेल तर, वगळली तरी चालेल.

आठ वर्षांखालच्या मुलांना मात्र घड्याळ सोडलं तर इथे फारसं काही नाही. काचेला हात लावू नको, पळू नको, एवढंच त्यांच्या वाट्याला येतं.

बिर्ला विज्ञान केंद्र: टेकडीवरची दुपार

नौबत पहाडच्या टेकडीवर 1985 मध्ये तारांगण सुरू झालं, 1990 मध्ये विज्ञान संग्रहालय, पुढे डायनासोरचं दालन आणि 2019 मध्ये इस्रोच्या सहकार्याने अंतराळ संग्रहालय. तिकिटं वेगवेगळी मिळतात आणि एकत्रितही. खिडकीवर आधी एकच गोष्ट विचारा: पुढचा खेळ कोणत्या भाषेत? तारांगणाचे काही खेळ तेलुगूत असतात, काही इंग्रजीत. न विचारता तिकीट काढलं तर अंधारात अर्धा तास तेलुगू ऐकावं लागतं, आणि शेजारी बसलेलं पोर दर मिनिटाला "काय म्हणतायत?" विचारतं. इंग्रजी खेळाची वेळ धरा आणि त्याच्या आगेमागे बाकीची दालनं बसवा. खेळ सुरू झाल्यावर आत जाता येईल या भरवशावर राहू नका.

मुंबईकरांसाठी एक स्पष्ट सांगणं: वरळीचं नेहरू तारांगण आणि नेहरू विज्ञान केंद्र मुलांनी पाहिलं असेल, तर इथल्या तारांगणात आणि बटणं दाबायच्या प्रयोगांत नवल वाटण्यासारखं कमी आहे. लातूर, नांदेड, सोलापूरकडून येणाऱ्या आणि असं काही पहिल्यांदाच पाहणाऱ्या मुलांसाठी मात्र दुपार मस्त जाते.

डायनासोरची गोष्ट वेगळी. तो सगळ्यांनीच बघावा, आणि आपण तर नक्कीच. हा कोटासॉरस, लांब मानेचा, झाडपाला खाणारा, जुरासिक काळातला. सापडला तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या यमनपल्लीजवळ. त्याचं नाव कोटा या खडकांच्या थरावरून आलं आणि थराचं नाव गडचिरोलीतल्या सिरोंच्याजवळच्या कोटा गावावरून. प्राणहिता नदीच्या दोन्ही अंगांना तेच खडक आहेत. सिरोंच्याच्या बाजूला वडधमचं जीवाश्म उद्यान आहे ते त्यामुळेच. उत्खननात 840 हाडं मिळाली, ती किमान 12 प्राण्यांची. म्हणजे समोर उभा असलेला सांगाडा एका जनावराचा नाही, अनेकांची हाडं जुळवून उभा केलेला आहे. डोक्याचं म्हणाल तर दोन दात सोडून काहीच हाती लागलं नाही, तेव्हा कवटी अंदाजाने घडवलेली. मुलांना आधी हे सांगून ठेवलं तर ती सांगाड्यापुढे पाच मिनिटं जास्त थांबतात आणि "खरं कुठलं, बनवलेलं कुठलं" शोधत बसतात.

शेजारीच बिर्ला मंदिर आहे. तिथे मोबाइल नेता येत नाही, बाहेर ठेवावा लागतो, आणि मंदिर दुपारी बंद असतं. म्हणून क्रम असा ठेवा: दुपारी विज्ञान केंद्र, ऊन उतरल्यावर मंदिर, आणि वरून दिसणारा हुसेनसागर. उलट क्रमाने गेलात तर बंद दारासमोर तापलेल्या फरशीवर उभं राहावं लागेल.

आणि ज्याची आठवण कुणाला राहत नाही

पब्लिक गार्डनमधलं राज्य पुरातत्त्व संग्रहालय लोक इजिप्शियन ममीसाठी बघतात. ममी ठीकच, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही एक आहे. मराठी माणसाने जावं ते अजिंठ्याच्या दालनासाठी. अजिंठा निजामाच्या राज्यात होता. निजामाच्या पुरातत्त्व खात्याने 1920 च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ बोलावून भित्तिचित्रांची डागडुजी केली आणि चित्रकारांकडून प्रतिकृतीही करून घेतल्या. लेण्यात उजेड मंद आणि मागची रांग ढकलत असते. इथे तीच चित्रं जवळून, निवांत बघता येतात. तासाभराचं काम आहे. अजिंठ्याला जाण्याआधी पाहिलं तर लेण्यात नजर कुठे ठेवायची ते कळतं.

पुरानी हवेलीतलं निजाम संग्रहालय सालारजंगपासून रिक्षाने अगदी जवळ. सहाव्या निजामाचं दालनभर पसरलेलं लाकडी कपाट हे तिथलं आकर्षण. 2018 मध्ये इथूनच सोन्याचा जेवणाचा डबा चोरीला गेला होता, काही दिवसांतच तो पोलिसांनी परत मिळवला. सालारजंग करून पाय शाबूत असतील तर जा, मुद्दाम वाट वाकडी करू नका.

जायचं कसं

मेट्रोची लाल मार्गिका दोन्ही टोकं जोडते. असेंब्ली स्थानकाजवळ बिर्ला केंद्र आणि पब्लिक गार्डन, चार स्थानकं पुढे एमजीबीएस, म्हणजे महात्मा गांधी बस स्थानक, तिथून सालारजंग साधारण एक किलोमीटर. असेंब्लीहून टेकडीचा चढ आहे. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर वरपर्यंत रिक्षा करा आणि उतरताना चाला. सिकंदराबादला उतरलात तर सिकंदराबाद वेस्टहून हिरवी मार्गिका थेट एमजीबीएसला येते, अमीरपेटला गाडी बदलायची गरज नाही. याच मार्गावर सुलतान बाजार लागतं. सालारजंगच्या आसपास बिर्याणीचा जोर, शाकाहारी जेवण हवं असेल तर एक स्थानक मागे येऊन कोठी–सुलतान बाजारात शोधा; मराठी घरं आणि विवेकवर्धिनीची शाळा असलेला हा जुना भाग आहे.

मुलं आठच्या आतली असतील तर बिर्ला आणि मंदिर. दहाच्या पुढची, थोडी वाचणारी असतील तर सकाळी सालारजंग, जेवण, मग तीननंतर फक्त डायनासोर आणि अंतराळ संग्रहालय, तारांगण सोडून. बरोबर फक्त मोठी माणसं असतील तर सालारजंग आणि अजिंठ्याचं दालन. रेल्वेने सकाळी नामपल्ली स्थानकावर उतरून रात्री परतायचं असेल, तर सामान स्थानकाच्या क्लोकरूममध्ये टाका आणि निघण्यापूर्वीच प्रत्येक बॅगेला कुलूप लावून आणा. कुलूप नसलेलं सामान तिथे घेत नाहीत, आणि सकाळच्या घाईत स्थानकाबाहेर कुलूप शोधण्यात सालारजंगचा पहिला तास जातो.